उताऱ्याचा राऊंड

रविवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गिल्बर्ट किणी रिंगमध्ये खाली बसला. पडला नाही, बसला. आधी उजवा गुडघा टेकला, मग दोन्ही ग्लोव्हज जमिनीला लागले, आणि पंगतीत जागा मिळालेल्या माणसासारखा तो मांडी घालू लागला. पंच आकडे मोजत होते. आठ झाले तेव्हा गिल्बर्टने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. कोणी पत्ता विचारावा आणि आपल्याला तो ठाऊक नसावा, तशी. दहा झाल्यावर त्याला उलटी झाली.

फेब्रुवारी १९८७. अंधेरीच्या एका शाळेच्या मैदानावर मांडव घालून उपनगरांची बॉक्सिंग स्पर्धा चालली होती. ही उपांत्य लढत होती आणि दुसरा राऊंड संपत आला होता. समोर मुलुंडचा चंद्रप्रकाश होता. त्याचा शेवटचा ठोसा डाव्या हाताचा, अंतर मोजायला मारतात तसा सरळ आणि हलका. तो गिल्बर्टच्या कपाळावर लागला, तोही कातड्याच्या हेडगार्डवर. पहिल्या रांगेतल्या लोकांना त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

म्हणून मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी ओरडलं, "विकला रे, विकला."

पैसे घेऊन हरतोय असं म्हणायला ओरडणाऱ्याला कारण होतं. गिल्बर्टचा उजवा हात सगळ्या उपनगरांत माहीत होता आणि त्या संध्याकाळी त्याने तो एकदाही चालवला नव्हता. पहिल्या राऊंडपासून तो हात हनुवटीच्या खाली, छातीपाशी लोंबत होता. त्याच्या कॉर्नरमधून प्रशिक्षक दशरथ घाडी ओरडत होते, "आत जा. चिकट त्याला. दमव." हात वर घे, असं ते म्हणाले नाहीत.

गिल्बर्टला दोघांनी उचलून बाकावर आणलं. स्पर्धेच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "काय झालं हो घाडी?"

दशरथ टॉवेल पिळत म्हणाले, "काय होणार? काल मढला लग्न होतं. ही माणसं लग्नाच्या आदल्या रात्री उंबराचं पाणी आणतात, तेव्हापासून बसतात प्यायला. दम कुठून येणार?"

हेच वाक्य गिल्बर्टबरोबर रुग्णालयात गेलं.

*

दशरथ घाडींची व्यायामशाळा जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडून वर जाणाऱ्या रस्त्यावर होती. पत्र्याची लांब शेड, मधे काथ्याच्या चटया अंथरून केलेली रिंग, तुळईला टांगलेली वाळूची पिशवी. घाडी मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत होते, गिरणीच्या संघातून लढायचे. संपात गिरणी गेली आणि त्यांच्याकडे ही शेड उरली. पोरं त्यांना सर म्हणत.

गिल्बर्ट तिथे सात वर्षं येत होता. मढचा. वडिलांची होडी थोरल्या भावाकडे गेल्यावर तो चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या बादल्या पाडणाऱ्या कारखान्यात रोजंदारीवर लागला. संध्याकाळी जोगेश्वरी, मग वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने घर. सत्ताविसावं वर्ष चालू होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ज्युलिया, त्याची बायको, मढच्या बाजारात सुकट विकायची.

दिवाळीत दशरथांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. एका मोठ्या कंपनीला आपल्या संघासाठी बॉक्सर हवा आहे, कायम नोकरी आहे, कंपनीचा माणूस उपनगर स्पर्धेची अंतिम लढत बघायला येणार आहे. "तुझ्या वजनात तूच आहेस. नंद्या वरच्या वजनात खेळेल. ही जागा तुझी."

नंद्या म्हणजे नंदकिशोर राऊळ, दशरथांच्या बहिणीचा मुलगा. बाविशीचा. दोन वर्षांपूर्वी गावाहून मामाकडे राहायला आला तेव्हा त्याला ग्लोव्हजच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. त्या बांधायला गिल्बर्टने शिकवलं.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी, त्या लढतीच्या दहा दिवस आधी, शेडमध्ये तिघेच होते. दशरथांनी गिल्बर्टला आणि नंदकिशोरला समोरासमोर उभं केलं. शेडमध्ये दोन हेडगार्ड होते. कातडं घामाने कडक होतं म्हणून दशरथ ते स्पर्धेसाठी जपून ठेवत. दोघे उघड्या डोक्याने खेळले. ग्लोव्हज जुने होते, आतले घोड्याचे केस बोटांवरून सरकून मनगटाकडे गोळा झालेले. नवा ग्लोव्हही मुख्यतः मारणाऱ्याच्या बोटांची हाडं वाचवतो. जुना तेवढंच करतो, थोडं कमी.

नंदकिशोरने उजव्या हाताचा हूक मारला. हूक जवळून येतो, बाजूने येतो, आणि टाच, कंबर, खांदा यांचं वजन मागे घेऊन येतो. तो गिल्बर्टच्या जबड्यावर डाव्या बाजूला बसला. पाच किलोंच्या आसपासचं डोकं मानेवर गर्रकन फिरलं. त्याचे पाय तिथेच विझले. तो सरळ मागे गेला आणि डोक्याचा मागचा भाग चटईवर आपटला. चटईच्या खाली कोबा होता.

त्याचे डोळे उघडे होते. हाक मारली तर तो ओ देत नव्हता.

दशरथांनी नवसागर आणि चुना तळहातावर चोळून त्याच्या नाकाशी धरला. गिल्बर्टने श्वास घेतला, खोकला, उठून बसला. नंदकिशोर गुडघ्यावर बसून म्हणाला, "मामा, घरी सोडूया त्याला."

"असाच?" दशरथ म्हणाले. "उतारा दिल्याशिवाय?"

उतारा ही त्या शेडची रीत होती. सरावात जो पडला त्याने आणखी एक राऊंड खेळल्याशिवाय ग्लोव्हज काढायचे नाहीत, आणि ज्याने पाडलं त्यानेच समोर उभं राहायचं. हलक्या हाताने मारायचं नाही. तसाच घरी गेला तर मार डोक्यात बसतो आणि पुढच्या वेळी माणूस ठोसा दिसताच डोळे मिटतो, असं ते मानत. दशरथांना त्यांच्या वस्तादांनी असाच उतारा दिला होता. दशरथांनी पुढे पन्नासेक पोरांना दिला. कोणाला काही झालं नव्हतं, निदान शेडमध्ये तरी नाही.

गिल्बर्ट उभा राहिला. तीन मिनिटं तो उभा होता. नंदकिशोरचे तीन ठोसे त्याच्या डोक्यावर बसले. तो पडला नाही. दशरथांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "झकास. आता बाहेर कुठे बोलू नको. घरी पण नको. कळलं?"

रिंगमध्ये नॉकआऊट झालेल्या माणसाला चार आठवडे लढायला बंदी असते. सरावात पडलेल्याला तोच नियम लावायचा तर आधी प्रशिक्षकाने तोंड उघडावं लागतं. त्यानंतरही लढवलं आणि ते उघड झालं तर संघटना प्रशिक्षकाला बाहेर काढते आणि त्याच्या सगळ्या पोरांना स्पर्धेतून बाद करते.

*

निरोप मढला चर्चच्या फोनवर गेला. ज्युलिया साडेसातच्या होडीने निघाली. फेरीबोटीवरचा धाकू तिच्या नवऱ्याला लहानपणापासून ओळखत होता. बोट मध्यावर आली तेव्हा त्याने सुकाणूवरचा हात न काढता विचारलं, "डोक्याला लागलंय काय गं त्याच्या?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. दहाएक दिवस झाले, गुरवारी तो तीन फेऱ्या माझ्या बोटीत बसून होता. या धक्क्याला आलो, उतरला नाय. त्या धक्क्याला गेलो, उतरला नाय. मी म्हटलं, अरे, घर विकलंस का? तर हसला. शेवटी हाताला धरून उतरवला. मला म्हणतो, ज्युलियाला बोलू नको."

गुरुवारनंतरचं सगळं ज्युलिया एकेक करून आठवत होती. शुक्रवारी त्याने चहा कपाच्या शेजारी ओतला. मागच्या रविवारी मिस्साला तो उलटा सदरा घालून निघाला होता. सकाळी उठला की डोकं दुखायचं. गेले तीन दिवस उजव्या हातातून वस्तू पडत होत्या आणि तो म्हणत होता, सराव जास्त झालाय. काल शेजारी लग्नाचा बँड वाजत होता तेव्हा तो उशी डोक्यावर दाबून खोलीत पडून राहिला. सगळा पाडा नाचायला गेला होता. तो गेला नाही.

रुग्णालयात व्हरांड्यात दशरथ आणि नंदकिशोर बाकावर बसले होते. ड्युटीवर डॉ. अनुपमा सबनीस होत्या. त्यांनी गिल्बर्टच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला होता आणि त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी दिसत होती. पेशंट हाक मारल्यावर डोळे उघडत होता आणि लगेच मिटत होता.

"तुम्ही मिसेस किणी? हे काल रात्री किती प्यायले होते?"

"कोण म्हणालं?"

डॉक्टरांनी बाकाकडे पाहिलं. ज्युलियाने पण पाहिलं. दशरथ उठून उभे राहिले.

"लग्न होतं ना गं तुमच्याकडे. मला वाटलं."

"तो गेलाच नाय लग्नाला. लेंटचे उपास लागेपर्यंत चार लग्नं हायत, एकाला पण जाणार नाय म्हणाला होता. तुमच्यासाठी. सर म्हणाले, दारूला हात लावायचा नाय, तर त्याने घरातल्या बाटल्या भावाकडे नेऊन दिल्या." तिने डॉक्टरांना बोट, चहा, सदरा, उजवा हात, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी नीट ऐकलं. मग त्या तिघांनाही म्हणाल्या, "मला एकच गोष्ट हवी आहे. आजच्या आधी यांच्या डोक्याला मार लागून शुद्ध गेली होती का? आज जो ठोसा लागला तो हलका होता म्हणता. त्याने नुसती चक्कर आली असेल तर मी सकाळपर्यंत लक्ष ठेवीन. पण आठ-दहा दिवसांपूर्वी मोठा मार बसला असेल, तर आत तेव्हापासून रक्त साठत असणार. मग सकाळपर्यंत थांबता येणार नाही. डोक्याचं मशीन शहरात आहे, ऑपरेशन करणारे सर्जन पण तिथेच. आत्ता हलवायचं तर मला त्यांना फोनवर काहीतरी ठोस सांगावं लागेल. होडीतून उतरला नाही, एवढ्यावर ते टेबल तयार ठेवणार नाहीत."

"सर, सांगा ना," ज्युलिया म्हणाली. "गुरवारी काय झालं होतं?"

दशरथ म्हणाले, "गुरवारी? काय नाय. दोरीच्या उड्या मारल्या, पिशवी मारली. माझ्यासमोर असं काही झालं नाही, डॉक्टर."

"नंदू?"

नंदकिशोर बाकावरच होता. त्याने मामांकडे पाहिलं. "मी त्या दिवशी उशिरा आलो होतो, वहिनी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंतिम लढत होती. तीत चंद्रप्रकाशच्या समोर जो उतरणार होता, तो बाकावर बसला होता. ज्युलियाला हे तेव्हा माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, नंदकिशोर वरच्या वजनात खेळतो.

ती दशरथांच्या समोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सर, तो तुम्हाला विचारून दाढी करतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा आधी तुमच्याकडे आला, मग फादरकडे गेला. तुम्ही पडला म्हणालात तर पडला, नाय म्हणालात तर नाय. आता तो बोलू शकत नाय. तुम्ही बोला."

"अगं, जे झालंच नाही ते कसं बोलू?"

"मग तो होडीत का बसून राहिला?"

"ते त्याला विचार शुद्धीवर आल्यावर," दशरथ म्हणाले, आणि खाली बसले.

आतून नर्सने डॉक्टरांना हाक मारली. गिल्बर्टला पुन्हा उलटी झाली होती आणि या वेळी हाक मारून त्याने डोळे उघडले नव्हते. दार उघडं होतं. नंदकिशोरला बाकावरून त्याचे पाय दिसत होते, मोजे घातलेले, बूट काढलेले. तो उठला, व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आला आणि दारातच डॉक्टरांना म्हणाला, "पडला होता."

"कधी?"

"गुरवारी. मागच्या. पाय घसरला. डोकं आपटलं मागून."

"गप रव रे," दशरथ म्हणाले. "तुका काय ठावक?"

"शुद्ध गेली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडा वेळ."

"नुसता घसरला? चेहऱ्याला काही लागलं होतं?"

नंदकिशोरचा हात आपोआप वर गेला आणि स्वतःच्या डाव्या जबड्यावर टेकला. ज्युलियाने ते पाहिलं. डॉक्टर तोवर फोनकडे निघाल्या होत्या.

*

ॲम्ब्युलन्समध्ये ज्युलियाने डॉक्टरांना विचारलं, हलक्या ठोशाने माणूस असा कसा बसतो. डॉ. सबनीस गिल्बर्टच्या मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तो ठोसा शेवटचा होता एवढंच. सरळ ठोसा डोकं मागे ढकलतो. बाजूचा ठोसा डोकं फिरवतो, आणि ते जास्त वाईट. कवटी फिरते, आतला मेंदू तेवढ्या वेगाने फिरत नाही, मागे राहतो. दोन्हींच्या मधे बारीक शिरा असतात, त्या ताणल्या जातात आणि फाटतात. शिरांमधलं रक्त हळू येतं. माणूस चालत घरी जातो, जेवतो, कामाला जातो. आत मेंदूवर रोज थोडा थोडा भार वाढत असतो. डाव्या बाजूला भार आला की उजवा हात ढिला पडतो. मग कधीतरी एक धक्का लागतो, डोकं आधीच भरलेलं असतं.

"म्हणजे आज त्याने उजवा हात चालवला नाय, तो..."

"चालवता येत नव्हता."

ज्युलियाने विचारलं, "सरावात हेडगार्ड नाय घालत ते. असता तर?"

"कापलं नसतं, सुजलं नसतं. फिरायचं ते डोकं फिरलंच असतं."

ज्युलियाने गिल्बर्टची चादर सारखी केली. मग म्हणाली, "खाली बसला तेव्हा लोक विकला म्हणाले. मांडवातल्या पोराने सांगितलं मला."

त्याच रात्री गिल्बर्टच्या कवटीला डाव्या बाजूला दोन भोकं पाडून साठलेलं रक्त काढलं गेलं. सर्जनने सांगितलं की त्यातलं बरंच रक्त जुनं होतं, काळसर आणि पातळ. थोडं ताजं होतं. आणखी काही तास गेले असते तर आणण्यात अर्थ नव्हता. आता आणण्यात अर्थ होता का, हे त्याने सांगितलं नाही.

*

सोमवारी दुपारी चंद्रप्रकाश मुलुंडहून शहरातल्या रुग्णालयात आला. उंच, किडकिडीत, नाकाचं हाड दोनदा मोडलेलं. तो जिन्यापाशी उभा राहिला आणि पुढे येईना. शेवटी ज्युलियानेच विचारलं, कोण पाहिजे.

"वहिनी, मी मुलुंडचा. माझ्याच हाताने..." तो थांबला. "जॅब होता हो, अंतर मोजायचा. आईशप्पथ, नुसता जॅब होता. मला वाटलं, नाटक करतोय. मी मनात शिवी पण दिली त्याला."

"तुझ्या हाताने नाय झालं," ज्युलिया म्हणाली. "आधीच झालेलं होतं. बस इकडे."

तो बसला. तिने त्याला सकाळचे दोन पाव दिले, तिला खाववले नव्हते. त्याने एक खाल्ला. मग म्हणाला, आज संध्याकाळी मी लढणार नाही. सांगून आलोय. हात उचलणारच नाही आज.

"कोणाबरोबर होती?"

"तुमचाच. घाडी सरांचा भाचा."

"नंदू? तो वरच्या वजनात ना?"

"कुठलं वरचं? आमच्याच वजनात. सोडतीच्या दिवशी घाडी सरांनी नाव खाली आणलं त्याचं. चिठ्ठ्यांत तो पलीकडच्या बाजूला गेला, मी आणि गिल्बर्ट अलीकडे. आम्ही दोघं आधी भिडणार, उरेल तो त्याच्यासमोर दमलेला येणार." तो पावाचा चुरा मांडीवरून झटकत होता. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. काल कॉर्नरमधून काय चाललं होतं? दमव, दमव. जिंक कोणी म्हणतच नव्हतं. मी आमच्या सरांना म्हटलं पण, याला काय मला थकवायला पाठवलंय काय."

ज्युलियाने विचारलं, "गिल्बर्टला माहीत होतं? नंदू खाली आलाय ते?"

"सोडतीला तो नव्हता. कारखान्यात होता म्हणे. पण रविवारी वजन करताना नंदू त्याच्या पुढेच उभा होता ना काट्यावर. दिसलंच असणार."

म्हणजे रविवारी सकाळी गिल्बर्टने ते पाहिलं होतं. आणि तरी संध्याकाळी दशरथांच्या कॉर्नरमध्ये स्टुलावर बसला होता, त्यांच्या हातून पाणी प्यायला होता. पाहिलेलं त्याच्या डोक्यात शिरलं होतं की नाही, हे कोणाला सांगता येणार नव्हतं.

संध्याकाळी चंद्रप्रकाश आला नाही म्हणून अंतिम लढत नंदकिशोर राऊळला बहाल झाली. कंपनीचा माणूस आला होता. एकही ठोसा बघायला मिळाला नाही म्हणून त्याने तीन आठवड्यांनी कंपनीच्या जिममध्ये चाचणी ठेवली.

*

मंगळवारी नंदकिशोर गिल्बर्टची पिशवी घेऊन आला. आत बूट, टॉवेल, बँडेजच्या गुंडाळ्या. शहाळंही होतं. ज्युलियाने पिशवी घेतली, शहाळं घेतलं नाही.

"घसरला म्हणालास," ती म्हणाली.

"वहिनी, तेवढं सांगितलं म्हणून तर इथे आणला त्याला."

"ते खरंय. त्याबद्दल तुझे उपकार हायत." ती त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती. "या हाताने?"

त्याने हात पाठीमागे घेतला. "सरावात मारतोच आम्ही एकमेकांना. तो पण मारतो."

"पडल्यावर काय केलंत?"

"मामांनी नवसागर दिला. मग उतारा."

"उतारा म्हणजे?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, तीन मिनिटं आणि तीन ठोसे. "मी पहिल्यांदा हळू मारला. मामा ओरडले, हळू मारतोस तर त्याचं वाटोळं करतोस, भीती राहील त्याच्या अंगात. म्हणून मग..." तो खाली बघून म्हणाला, "तो हसत होता, वहिनी. प्रत्येक ठोशानंतर हसत होता. मला वाटलं, बरा आहे."

"तो होडीत पण हसत होता."

जिन्यावरून चहावाला वर आला, खाली गेला. ज्युलियाने विचारलं, "हवालदार येऊन गेला तुमच्याकडे?"

"काल. ऑपरेशनची केस म्हणून. मामांनी जबाब दिला, घसरला म्हणून. मी पण तोच दिला."

"बदल."

"मामांच्या उलट कसा देऊ? त्यांच्या घरात खातो मी."

"त्याच्याकडून नाड्या बांधायला शिकलास."

नंदकिशोरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने डाव्या हाताने पुसलं. उजवा अजून पाठीमागेच होता. शहाळं जिन्याच्या कठड्यापाशी ठेवून तो गेला.

बुधवारी गिल्बर्टने डोळे उघडले आणि उघडे ठेवले. ज्युलियाला ओळखलं. कोणता महिना चालू आहे, यावर तो जानेवारी म्हणाला. स्पर्धा त्याला आठवत नव्हती, गुरुवार आठवत नव्हता, वजनाचा काटाही नाही. त्याला शेवटचं आठवत होतं ते दशरथ सरांनी पाठ थोपटली एवढंच. कुठल्या दिवशी आणि कशासाठी, ते सांगता येत नव्हतं. सर्जनने त्याच्या उजव्या हातात आपली दोन बोटं देऊन दाबायला सांगितलं. अंगठा हलला. बाकीची बोटं जवळ आली, पण मूठ झाली नाही. होईल का, असं ज्युलियाने विचारलं. सर्जन म्हणाला, बघू.

दुपारी गिल्बर्ट म्हणाला, "सर येऊन गेले?"

"नाय अजून."

"येतील," तो म्हणाला. "संध्याकाळी शेड असते ना. वेळ नसेल मिळाला."

दशरथ आले नव्हते. त्या आठवड्यात शेड रोज उघडी होती. गुरुवारी, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, तिथे सरावात एक सतरा वर्षांचा मुलगा पडला आणि त्याला उतारा देण्यात आला, असं चंद्रप्रकाशने ज्युलियाला सांगितलं. त्याला ते जोगेश्वरीच्या बाजारात कळलं होतं. मुलाने काही तक्रार केलेली नाही.

शुक्रवारी सकाळी हवालदार आला. त्याच्याकडे दशरथ घाडींचा, नंदकिशोरचा आणि चंद्रप्रकाशचा जबाब होता. पहिले दोन एकमेकांशी जुळत होते. तिसऱ्याने फक्त रविवार पाहिला होता. ज्युलियाचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं, पण तिने स्वतः काही पाहिलेलं नाही, असं तो म्हणाला. ते खरं होतं. आता राहिला होता तो ज्याला लागलं त्याचाच जबाब. डॉक्टरांनी दहा मिनिटांची परवानगी दिली.

हवालदाराने स्टूल ओढून विचारलं, "किणी, सावकाश सांगा. गेल्या महिन्यात शेवटच्या गुरुवारी, व्यायामशाळेत, तुम्ही घसरून पडलात की तुम्हाला कोणी मारलं?"

गिल्बर्टने बराच वेळ छताकडे पाहिलं. उजवा हात चादरीवर उताणा पडला होता.

मग त्याने विचारलं, "सर काय म्हणाले?"

हवालदाराने ज्युलियाकडे पाहिलं. ज्युलिया गिल्बर्टकडे पाहत होती. दहा मिनिटं संपल्याचं सांगायला नर्स दारात आली तेव्हा तिघंही तसेच होते. हवालदार सोमवारी पुन्हा येतो म्हणाला. गिल्बर्टचा जबाब अजून नोंदवला गेलेला नाही.